गाणं थांबवणार कोण

बाई गेल्यापासून बँडला एकही गाणं संपवता येत नव्हतं.

सुरुवात झकास व्हायची. काकांचा तबला बोलायला लागायचा, डॉक्टरची गिटार गुरगुरायची, धाकटी सूर लावायची आणि मेकॅनिक ड्रमवर असा ठेका धरायचा की खिडकीच्या काचा थरथरायच्या. मधलंही बरं जायचं. पण शेवटची ओळ गाऊन झाली की चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागायचे, आणि हात मात्र चालूच. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलं की निघायची वेळ झालेली सगळ्यांना कळते, पण आधी कुणी उठायचं ते ठरत नाही, तसं. मग धाकटी आणखी एक तान घ्यायची, डॉक्टर तिला उत्तर द्यायचा, काका दोघांना उत्तर द्यायचे, आणि गाणं जेवून ताजंतवानं झाल्यासारखं पुन्हा चालायला लागायचं.

बँडचं नाव ‘पीळ’. हे नाव मेकॅनिकनेच ठेवलं होतं. तो वॉशिंग मशिन दुरुस्त करायचा आणि बँडची तालीम त्याच्याच वर्कशॉपमध्ये व्हायची, म्हणून. बाईंना ते कधीच आवडलं नाही. “लोकांच्या हातात आयतं कोलीत देताय,” असं त्या म्हणायच्या. हल्ली गाण्यांची लांबी बघून लोक म्हणायला लागले होते, की बँड नावाला जागतोय.

बाई म्हणजे मेकॅनिकची बायको. घरात तो तिला नुसतं ‘अगं’ म्हणायचा, पण तालमीत बाकीच्यांसारखं ‘बाई’. शास्त्रीय गाणं शिकलेली, गाण्याच्या शिकवण्या घेणारी बाई. लग्नानंतर तिने नवऱ्याचं ड्रम बडवणं काही दिवस निमूट ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, “एवढं आपटताच आहात, तर माझ्या तालात आपटा.” बँडचा जन्म असा झाला. खाली तिचे राग, वर त्याचं रॉक, आणि मधे दोघांची भांडणं. गाणी ते स्वतःच रेकॉर्ड करायचे, स्वतःच इंटरनेटवर टाकायचे. कुठल्या कंपनीच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही, असा त्यांचा बाणा होता. कुठल्या कंपनीने दावं घेऊन दार वाजवलं नव्हतं, हा भाग वेगळा.

गाणं किती लांबवायचं हे बाई आधी कधीच ठरवायच्या नाहीत. रंगलं तर वाढवायच्या, नाही रंगलं तर गुंडाळायच्या. पुरे झालं की मागे वळून चष्म्यावरून एकदा बघायच्या. बस. काका तिहाई घ्यायचे, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून बरोब्बर तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, येऊन उतरायचे, आणि त्यांच्याबरोबर सगळेच जागच्या जागी थांबायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय यांची तयारी. तयारी कसली, धाक होता.

ती नजर मेकॅनिकला घरीही मिळायची. चार लोकांत त्याचा एखादा विनोद रंगात आला की चष्मा नाकावर घसरायचा आणि विनोद तिथेच आटोपायचा. त्याच्या आयुष्यातले कितीतरी विनोद असे अर्धवट राहिले. त्यातले काही खरंच चांगले होते.

बाईंच्या जागी गायला त्यांची धाकटी बहीण आली. सगळे तिला धाकटीच म्हणायचे. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, पायाखालच्या जादा ब्रेकने दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या थांबवायची. गाण्याला तसा ब्रेक नव्हता.

उपाय खूप झाले. काका पोस्टातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. ते म्हणाले, आवर्तनं मोजू आणि ठरल्या आवर्तनाला थांबू. मोजली. काकांनी समेपासून मोजली, मेकॅनिकने आपल्या ठोक्यापासून मोजली, धाकटी तानेत मोजायची विसरली आणि डॉक्टरने मोजलीच नाहीत. डॉक्टर दातांचा होता, गिटार वाजवताना डोळे मिटून घ्यायचा, आणि त्या वेळात जगात काय चाललंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसायचं.

“डोळे उघडे ठेव की,” धाकटी म्हणाली.

“दिवसभर लोकांच्या तोंडात उघड्या डोळ्यांनी बघतो,” डॉक्टर म्हणाला. “इथे तरी नको.”

मग त्याच डॉक्टरने दवाखान्यातला एक लाल दिवा आणला. थांबायचं तेव्हा तो पायाने पेटवायचा, असं ठरलं. त्याच्या पायाशी गिटारची पाच-सहा बटणं आधीच होती. दिवा गाणं सुरू होताच पेटला आणि थांबायच्या वेळी गिटारमधून बोगद्यात आगगाडी शिरल्यासारखा आवाज आला. काका म्हणाले, “हे ऐकून पेशंट कवळी सोडून पळतील.”

शेवटी जुनी रेकॉर्डिंगं काढली. बाई जिथे थांबायच्या तिथे आपण थांबू, असा हिशोब. पण एकाच गाण्याच्या चार रेकॉर्डिंगांत बाई चार ठिकाणी थांबलेल्या. मेकॅनिक कान लावून बसला. तान संपते, जरा कुठे श्वास घेतल्यासारखं होतं, आणि सगळे थांबतात. त्या श्वासात बाईंनी मागे वळून बघितलेलं असणार. पण आवाज रेकॉर्ड होतो, बघणं होत नाही. मेकॅनिकने रेकॉर्डिंग बंद केलं आणि म्हणाला, “नको हे.” त्यानंतर रेकॉर्डिंगचा विषय कुणी काढला नाही.

त्याच सुमाराला एक गिऱ्हाईक बाई दुरुस्त झालेलं मशिन न्यायला आली. आत गाणं चाललं होतं. संपलं की बोलू म्हणून ती भल्या माणसासारखी दारात थांबली. मग टेकून थांबली. मग जाऊन बाजार करून आली. पिशव्या सावरत दारात आली, तर तेच गाणं.

“मशिनपेक्षा हे आधी दुरुस्त करा,” ती म्हणाली.

अशात डॉक्टरने एक कार्यक्रम मिळवून आणला. शहरातल्या मोठ्या बागेत सुट्टीच्या दिवशी दुपारी मोकळ्यावर कार्यक्रम असायचे, आणि ते ठरवणारी संयोजिका डॉक्टरकडे दाढ भरायला आली होती. तोंडात कापूस असताना त्याने विचारलं, आमचा बँड घेता का. तिला नाही म्हणता आलं नाही. नंतर तिने निरोप पाठवला, की तीन गाणी, वेळेत, कारण तुमच्यानंतर जादूगार आहे आणि मुलं त्याच्यासाठी येणार आहेत.

“तीन?” धाकटी म्हणाली. “इथे आपलं एक संपत नाही.” तिने माईक खाली ठेवला. “हे बघा, मी स्पष्ट सांगते. ताईसाठी म्हणून मी आले. पण हे असं दर आठवड्याला भेटून दलदलीत रुतायचं, हे मला झेपत नाही. बागेत गाणं नीट संपलं तर ठीक. नाहीतर बँड संपवू.”

“म्हणजे काहीतरी संपेल तरी,” काका म्हणाले.

डॉक्टर हसला. मेकॅनिक हसला नाही.

त्याची गोष्ट वेगळी होती. घरात आता एकट्याचे कपडे, मशिन भरायला आठवडा लागायचा. आणि बाहेर सगळीकडे लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते. दुकानदार, शेजारी, गिऱ्हाइकंसुद्धा. मशिन बिघडलंय हे सांगतानाही आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखं सांगायचे. कुणी सरळ तोंडावर “काय बडवतोयस गाढवा” म्हणेल असं हे एकच ठिकाण उरलं होतं. ते गेलं तर उरलेलं आयुष्य हळू आवाजातच जाणार.

“कुणीतरी एकाने थांबवायचं,” धाकटी म्हणाली. “भावजी, तुम्ही. ताईसारखं बघायचं. बास.”

“मला नाही जमणार.”

“बघायला काय लागतं?”

“काका करतील.”

“मी तबल्याकडे बघू का तुमच्याकडे?” काका म्हणाले. “तुझी बायको, तुझी नजर. आमच्या गळ्यात मारू नकोस.”

मेकॅनिक काठ्या पुसायला लागला. त्याला जे सांगायचं होतं ते या लोकांना सांगण्यासारखं नव्हतं. इस्पितळात बाईंच्या शेवटच्या दिवशी तो पलंगाशेजारी बसला होता आणि सवयीने पलंगाच्या कठड्यावर बोटांनी ठेका धरत होता. हळू, तिला आवडायचा तसा. तिचे डोळे मिटलेले होते. जन्मभर प्रत्येक गोष्ट कुठे थांबवायची ते तिने बघून सांगितलं, आणि त्या वेळी काही न सांगता थांबली. नर्सने येऊन त्याच्या बोटांवर हात ठेवला, तेव्हा त्याला कळलं. तो किती वेळ पुढे वाजवत राहिला होता, ते त्याने विचारलं नाही. तेव्हापासून कुठलीही गोष्ट आपण होऊन थांबवायची म्हटलं की त्याचे हात ऐकत नसत.

पण बँड जातो म्हटल्यावर करतो काय. त्याने सराव सुरू केला. वर्कशॉपमधल्या मोरीवर एक आरसा होता, साबणाच्या डागांनी भरलेला. हात धुताना तो त्यात बघून नजर द्यायचा. पहिल्यांदा ती नजर डॉक्टरला दाखवली, तर डॉक्टर म्हणाला, “कुठली दाढ?”

“नीट बघ.”

“नीटच बघतोय. अशा तोंडाने लोक माझ्याकडे येतात. खालची डावी असणार.”

काकांना ती नजर उसने मागायला आलेल्या माणसाची वाटली. धाकटी म्हणाली, “भावजी, तुम्ही विनंती करताय. ताई विनंती नव्हती करत.”

“मग काय करायची?”

“निकाल द्यायची.”

हे मात्र त्याच्या डोक्यात बसलं. पुढच्या तालमीत वर्कशॉपमध्ये नेहमीसारखे ते गोल करून बसले, कारण उघड्या मशिनांच्या मधे दुसरी जागाच नव्हती. धाकटी एका उलट्या टबवर, काका सतरंजीवर, डॉक्टर रबरी पाइपांच्या वेटोळ्याशेजारी, आणि समोर मेकॅनिक ड्रममागे. गाणं शेवटाला आलं. मेकॅनिकने मान उचलली आणि बघितलं. विनंती नाही, निकाल. डॉक्टरचे डोळे धाकटीने लाथ घालून उघडवले. काकांनी तिहाई घेतली, चौघं समेवर उतरले आणि गाणं थांबलं.

इतकी शांतता त्या खोलीत बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. कुठल्यातरी मशिनमधून पाणी ठिबकत होतं ते ऐकू आलं.

“पुन्हा,” धाकटी म्हणाली.

पुन्हाही थांबलं. तिसऱ्यांदाही. काकांनी सगळ्यांना कॉफी पाजली, ही गोष्ट पोस्टातले त्यांचे जुने सहकारीही शपथेवर खोटी म्हणाले असते. मेकॅनिकचा जीव भांड्यात पडला. बागेच्या कार्यक्रमापर्यंत ते रोज गाणी थांबवत राहिले. मजा यायला लागली. एकदा तर सुरू करताच थांबवलं.

बागेत गवतावर मुलं, आईबाप, सायकली, फुगे. लाकडी स्टेज, त्यावर कापडाचं छप्पर. संयोजिकेने त्यांना जागा दाखवल्या. मधे पुढे धाकटी, तिच्या उजवीकडे काका, डावीकडे डॉक्टर, सगळ्यांची तोंडं लोकांकडे. ड्रम मागे. ड्रम नेहमी मागेच असतात. बाईंच्या वेळीही मागेच होते. मेकॅनिक स्टुलावर बसला, काठ्या हातात घेतल्या आणि गाणं सुरू झालं. स्टेजच्या पायऱ्यांशी जादूगार काळ्या कोटात उभा होता, हातात कबुतरांची टोपली.

गाणं रंगलं. मुलांनी नाचायला सुरुवात केली. धाकटीचा आवाज मोकळा लागला होता, डॉक्टरने एक असा तुकडा वाजवला की काकांनी मान हलवली, आणि काका डॉक्टरसाठी मान हलवत नसत. शेवटची ओळ झाली. आता.

मेकॅनिकने मान उचलली, छाती भरून श्वास घेतला आणि नजर दिली.

समोर तीन पाठी होत्या.

एवढ्या तालमी केल्या, आरशात बघितलं, निकाल दिला, आणि चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ड्रमवाला सगळ्यांच्या मागे बसतो. बाई पुढे उभ्या राहायच्या आणि मागे वळायच्या. याने वळायचं कुठे?

त्याने झांजेवर सणसणीत घाव घातला. डॉक्टरला वाटलं, उत्तेजन आहे. तो नव्या जोमाने सुटला. मेकॅनिकने ठेका मोडून पाहिला. काकांना वाटलं, लयीशी खेळतोय, त्यांनीही खेळायला सुरुवात केली. धाकटीने तान घेतली. तिला मागे वळून बघायचं सुचेना, कारण थांबवणारा माणूस ठरला आहे आणि त्याने अजून थांबवलेलं नाही, अशी तिची पक्की खात्री. शेवटी मेकॅनिकने एक काठी डॉक्टरच्या पाठीच्या रोखाने फेकली. ती त्याच्या कानावरून जाऊन गवतावर पडली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, जादू सुरू झाली.

पायऱ्यांवरून जादूगार घड्याळ दाखवत होता. टोपलीत कबुतरं फडफडत होती. संयोजिका गालावर हात ठेवून उभी होती, दाढेमुळे का गाण्यामुळे ते कळत नव्हतं. आणि समोर त्या तीन पाठी, आनंदाने हलणाऱ्या, आपापल्या तंद्रीत. धाकटी स्टेजवरून उतरून काय सांगणार हे मेकॅनिकला ऐकू येत होतं.

तो उठला.

चालू गाण्यात ड्रमवाला उठत नाही. छप्पर पडलं तरी उठत नाही. तो उठला, पाठीमागून वळसा घालून निघाला, वायरीत पाय अडकला, सावरला, आणि एका काठीसकट स्टेजच्या पुढच्या कडेला येऊन उभा राहिला. मागचा ठोका थांबला तशी काकांनी चमकून मान वर केली आणि आपल्याला एकट्याला वाजवायला दिलं असं समजून जोर लावला. मेकॅनिकने लोकांकडे पाठ केली आणि बँडकडे तोंड केलं.

इतक्या वर्षांत त्याने बँड या बाजूने कधी बघितला नव्हता. काकांच्या कपाळावर घाम, जीभ थोडी बाहेर. डॉक्टरचे डोळे मिटलेले, चेहरा झोपलेल्या बाळासारखा. धाकटी त्याला बघून दचकली, पण सूर सोडला नाही. आणि त्यांच्या मागे ड्रम आणि रिकामं स्टूल. तिथे तो बसायचा. इथून ती बघायची.

धाकटीच्या डोळ्यांत ‘थांबवा’ असं नव्हतं. ‘अजून थोडं’ असं होतं. काकांच्याही. बाईंना हे दरवेळी दिसत असणार, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. सगळे असे आशेने तोंडाकडे बघतायत, कुणालाच घरी जायचं नाही, ड्रममागच्या त्याला तर मुळीच नाही. आणि तरी ती थांबवायची. तिलाही नको असताना थांबवायची. तो इतकी वर्षं समजत होता की तिला पुरे झालेलं असतं.

त्याने आणखी एक आवर्तन जाऊ दिलं. हे मात्र स्वतःसाठी. मग काठी पुढे करून डॉक्टरच्या पोटात ढोसली. डॉक्टरने डोळे उघडले. मेकॅनिकने तिघांकडे बघितलं.

काकांची तिहाई आली. एकदा, दोनदा, तीनदा. सम.

कबुतरं घुमली. मग टाळ्या झाल्या, मनापासून, आणि त्यातल्या बऱ्याचशा सुटल्याच्या आनंदाच्या होत्या. मेकॅनिक तसाच पाठमोरा उभा राहिला, कारण डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि हात उचलवेना. धाकटीने आपला रुमाल काढून त्याच्या खिशात कोंबला आणि लोकांना नमस्कार केला.

संयोजिका वर आली. “वेळ संपली तुमची. तीन ठरली होती.”

“बाकीची दोन याच्यातच होती,” डॉक्टर म्हणाला. “तुमची दाढ काय म्हणतेय?”

जादूगार टोपली घेऊन त्यांच्यामधून घुसला. चौघांनी सामान गोळा करून स्टेजच्या मागे गवतावर आणलं. काका तबल्यावर गवसणी चढवत होते. मग धाकटी म्हणाली, “भावजी, पुढच्या वेळी ड्रम पुढे लावू. आडवे. म्हणजे आम्हाला तुम्ही दिसाल.”

बँडला पुढची वेळ आहे, हे सगळ्यांनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

“नको,” मेकॅनिक म्हणाला. “ड्रम मागेच राहू देत. मी चालत येईन.”

“दर गाण्याला?”

“दर गाण्याला.”

“म्हणजे शेवटाला ड्रम नसणारच,” डॉक्टर म्हणाला. “लोक म्हणतील, बँडचं अंग लुळं पडलं.”

“म्हणू देत.”

“उत्तम,” काका म्हणाले. “शेवटी का होईना, माझा तबला कुणाला तरी ऐकू येईल. आता उभा काय राहिलायस गाढवा, तो मोठा ड्रम उचल.”

मेकॅनिकने नाक शिंकरलं आणि ड्रम उचलला.